पाच घरं, एक बोअर आणि आईची सूचना

गेल्या शनिवारी झाशीला आईकडे गेले, तर प्रेम नगरातल्या आमच्या गल्लीत अबोला सुरू! पाच घरांत मिळून एक बोअर, त्याचं पाणी आटत आलेलं. शेवटच्या घरातल्या मिश्रा चाची म्हणाल्या की पहिलं घर जास्त वेळ पाणी घेतं... पहिलं घर आमचं.

झालं, आई आणि चाची तीन आठवडे बोलत नव्हत्या. मला काळजी वेगळीच होती. मी नोएडाला, आई इथे एकटी, आणि रोज सकाळी दार वाजवून ती ठीक आहे ना हे बघायच्या त्या चाचीच.

मी इंजिनीअर, ऑफिसात दिवसभर एक्सेल शीट्सच बनवते, म्हटलं ही विद्या घरी वापरू. ऑनलाइन फॉर्म करून पाचही घरांना पाठवला... माणसं किती, टाकी केवढी, नळाला पाणी कधी पोचतं, शेवटी काही सूचना. नावं गुप्त ठेवणार होते, म्हणजे कुणाला संकोच नको. त्यावरून शीट प्रत्येकाची वेळ काढणार होती.

आईने चष्मा लावून फॉर्म स्वतः भरला. मला बघूही दिला नाही.

संध्याकाळी शीट गल्लीच्या ग्रुपवर टाकली. नावांचा कॉलम आठवणीने लपवला, सूचनांचा मात्र राहिला... आणि सगळ्या हिंदी सूचनांच्या खाली एक चक्क मराठीत.

'शेवटच्या घरी पाणी पोचायलाच दहा मिनिटं जातात. तिचे गुडघे दुखतात, बादल्या उचलवत नाहीत. आमची दहा मिनिटं तिला द्या. माझं नाव सांगू नका.'

अख्ख्या गल्लीत मराठी घर एकच! आई माझ्यावर अशी चिडली की विचारू नका.

पाच मिनिटांत चाची दारात. इतक्या वर्षांच्या शेजारानंतर आमची मराठी त्यांना सगळी कळते, बोलतात मात्र बुंदेलीतच, आणि आईला म्हणतात जिज्जी, म्हणजे ताई.

"काए जिज्जी, हमाए घुटनन की इत्ती फिकर हती, तो बोलीं काए नईं?"

आई हात धरून त्यांना आत घेऊन आली. दोघी थोडं रडल्या. मग दोघींनी मिळून माझ्या इंजिनीअरिंगचा उद्धार केला.

नवं वेळापत्रक सुरू झालंय, चाचींना दहा मिनिटं जास्त.

आज सकाळी नोएडाहून फोन केला, आईने उचलला नाही. मी नंबर परत लावणार तेवढ्यात चाचींचा मेसेज आला, 'जिज्जी नहा रईं, फिकर नईं करो.' चाची, तुम्ही आहात म्हणून मी इतक्या लांब राहू शकते.