अग्निशमन केंद्रातला आठवा माणूस

रियाधच्या एका सरकारी विद्यापीठात मी सुरक्षा विभागात इंजिनिअर होतो. कॅम्पसच्या अग्निशमन केंद्रात आठ प्रशिक्षित सौदी जवान झाले की प्रशिक्षकाची, म्हणजे माझी, जागा बंद होणार होती. परदेशी माणसाच्या जागी सौदी, सौदीकरणाचा हिशेब सरळ होता. आठ मात्र कधी होत नसत. मी शिकवायचो आणि सर्टिफिकेट हातात पडलं की माणूस लष्करात जायचा. सात, सहा, पुन्हा सात. त्या कमी-जास्तीवर आमचं घर उभं होतं. मुलगी नववीत होती.

माणसं कमी असली की दुसरी भीती. केमिस्ट्रीच्या इमारतीतून धूर आला, तेव्हा चौघांच्या बंबावर दोघंच गेले. जळला होता फक्त एक पंखा. पण तेव्हापासून अलार्मची चाचणी असली तरी बंबावर किती जण चढले ते मी आधी मोजायचो.

मग आठवा मिळाला, सगळ्यांत चांगला. लगेच कळलं की तोही दूर उत्तरेला हफ्र अल बातिनला, आपल्या आईजवळ, लष्करी नोकरीवर चाललाय. संचालक म्हणाले, "तुझा शब्द तो मानतो. घरी जा, थांबव त्याला."

बायको म्हणाली, "जाऊन या. पण फार गोड बोलू नका."

"आणि आग लागली तर?"

"ती लागेल तेव्हा लागेल. इथे राहायचा इकामा पुढच्या वर्षी नक्की संपतोय, नोकरी नसली तर नवा कोण देणार?"

आठव्याच्या घरी गेलो. त्याने बैठकीत बसवून कॉफी दिली. माझा हात इतका कापत होता की सांडेल म्हणून मी पेला तसाच खाली ठेवला. त्याचा चेहरा गंभीर झाला.

"मागा, मुहंदिस," तो म्हणाला. इंजिनिअरला तिकडे हाच शब्द.

"काय मागू?"

"इतकी वर्षं इथे काढलीत, आणि माहीत नाही? पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, की त्याला काही मागायचं असतं. यजमान हो म्हणेपर्यंत तो पीत नाही." मग हसला. "नाहीतर माझी कॉफी बिघडलीय."

हात कापला, एवढंच सांगितलं असतं तर तो गेला असता. खलास. मुलीची दहावी इथेच झाली असती. पण डोळ्यांपुढून तो दोघांचा बंब हलेना.

"जाऊ नका," मी म्हणालो. "केंद्रात राहा."

आठाचा हिशेब त्यालाही ठाऊक होता. "आणि तुमचं काय?"

मी पेल्याला हात लावला नाही.

"आई रागावणार," तो शेवटी म्हणाला. "राहतो. प्या आता, गार झाली."

घरी पोचलो. बायकोने दार उघडताच विचारलं, "जातोय ना तो?"