केदारखेड्याचा वाघ

चहा येईपर्यंत सांगतो, पण हसायचं ते आत्ताच हसून घ्या, कारण यात येडा मीच हाये.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. केदारखेड्यात पेपर एकच यायचा, दुपारच्या एसटीनं. हॉटेलात एक जण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे बशीत चहा ओतून ऐकायचे. काय दिवस होते ते. छापलेलं खोटं असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

त्या साली वनखात्यानं टेकडीवर रोपं लावली अन् चराई बंद केली. मेंढ्या राखणाऱ्या भागाजीमामांचा गार्डशी रोज तंटा. जालन्याहून पत्रकार आल्ता. मामांनी तोंड उघडायच्या आधी मीच पुढं.

"साहेब, मेंढ्यांना चरायला जागा न्हाई, अन् रानातले रोही, त्या नीलगायी, आमची ज्वारी खाऊन राह्यले. त्यापेक्षा वाघ असता तर बरं झालं असतं."

पुढच्या आठवड्यात हॉटेलात वाचलं, "केदारखेड्यात वाघ, शेतकरी भयभीत." खाली माझा फोटो. मेंढ्यांबद्दल एक ओळ न्हाई.

मामा एवढंच म्हणाले, "वाघाला जागा भेटली बाबा, माझ्या मेंढ्यांला न्हाई भेटली."

मंग गार्डलाही जोर चढला. वाघ हाये, आता तर बिलकुल आत जायचं न्हाई. मामा मेंढ्या घेऊन दुसऱ्या मुलखात गेले. कापूस वेचायला बाया येईनात. बदनापूरला माझी सोयरीक जुळत आल्ती, तिकडून निरोप आला, थांबा जरा.

मी जल्दीनं बदनापूर गाठलं. मुलीच्या वडलांनी पेपरच पुढं केला.

"फोटो तुमचाच ना?"

"माझाच. पण वाघ न्हाई, अण्णा."

"मंग खोटं कोण बोलतंय? तुम्ही का पेपर?"

तेवढ्यात आतून पोरगीच म्हणाली, "अण्णा, वाघ असता तर हे एकटे आले असते का?"

झालं, सोयरीक पक्की. तरंगतच एसटीतून उतरलो अन् शेताकडं निघालो. दिवस मावळत आल्ता. ज्वारीत खसखस झाली. पुढचं मला आठवत न्हाई, एकदम बाभळीवरच होतो. काटे कुठं कुठं टोचले, ते विचारू नका.

बैलगाडीवाला थांबला. "वर काय करून राह्यला?"

"खाली वाघ हाये."

"कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "पेपरात आलंय की."