निळ्या फुलांचा बहावा

हमीदभाई गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. बदनापूरहून जालना, तिथून कुंभार पिंपळगाव, असं एस.टी.ने पोहोचेपर्यंत दफन उरकलं होतं. भाभींनी चहा दिला. दोन दिवस ताप अंगावर काढला, म्हणाल्या. इतक्या वर्षांची ओळख, आणि शेवटचं तोंडही दिसलं नाही... तीन महिने झाले, पण ते मनातून जात नाही.

आमचं वनस्पती मंडळ निघालं तेव्हा जालना जिल्हाही नवाच होता. आम्ही सगळे हौशी. दोन-तीन शिक्षक, एक कंपाउंडर, एक बियाण्यांचे दुकानदार. रविवारी रानात हिंडायचं, फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबून सुकवायची, नोंदी करायच्या आणि तीन महिन्यांनी सायक्लोस्टाइलवर वार्तापत्र काढायचं. अध्यक्ष व्हायला माणूस मिळे, कारण त्यात हार असतो. संपादक व्हायला कुणी मिळेना. लष्कराच्या भाकऱ्या कोण भाजणार? शेवटी एका बैठकीत नियम केला की अंकातली चूक जो दाखवील, त्याने पुढचा अंक काढायचा. त्या दिवशी उर्दू शाळेतले एक सडपातळ मास्तर बस चुकल्यामुळे उशिरा आले. आल्या आल्या त्यांनी शांतपणे पाच चुका वाचून दाखवल्या. आम्ही पोट धरून हसलो आणि स्टेन्सिलचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. ते हमीदभाई.

डबा त्यांच्याकडे अठरा वर्षं राहिला, कारण त्यानंतर आम्हाला कुणाला चूक दिसेनाशीच झाली. दिसायची, पण बोलून डबा गळ्यात कोण घेणार! ते मात्र मन लावून काम करत. झाड स्वतः पाहिल्याशिवाय नोंद छापत नसत. मी एकदा शाळेमागच्या रानतुरीबद्दल कळवलं, तर अर्धा दिवस एस.टी.त घालवून आले, शेंग सोलून बघितली, पाणी प्यायले आणि परत गेले. पुढे सायक्लोस्टाइल जाऊन झेरॉक्स आलं, त्यांचे डोळे अधू झाले. दुसरं कुणी बघा, असं त्यांनी बैठकीत दोनदा सांगितलं. तुमच्यासारखं कुणाला जमणार, हमीदभाई, असं आम्ही एका सुरात म्हणालो. कौतुक करून माणसाला कामाला जुंपायची ही युक्ती आपल्याकडे सगळ्यांना येते.

दोन वर्षांपूर्वीच्या एका अंकात बहाव्याची फुलं निळी असल्याचं छापून आलं. मला ते पहिल्याच वाचनात दिसलं. पिवळ्याधमक फुलांचं झाड, शाळेतली पोरंही सांगतील. पण बोललं की अंक माझ्याकडे येणार, घरी सासूबाई आजारी... मी गप्प बसले. महिन्याभराने हमीदभाई बदनापूरला आले.

"ताई, अंक वाचता का बराबर?"

"वाचते तर. छान झालाय."

"मंग चूक न्हाई सापडली एकबी?"

"तुमच्या अंकात कसली चूक?"

ते उठले. मग पिशवी उचलून गाडीची वेळ झाली म्हणाले. गाडीला अजून तास होता.

चाळिसाव्याला गेले तेव्हा भाभींनी मंडळाचे कागद माझ्यापुढे ठेवले. प्रत्येक अंकाचा हस्तलिखित मजकूर तारीखवार बांधलेला. मी बहाव्याचं पान काढलं. तिथे आधी स्वच्छ अक्षरात 'पिवळी' लिहिलेलं होतं. ते खोडून वर 'निळी' केलेलं. आणि समासात पेन्सिलीने बारीक ओळ... 'ताई तरी बोलतील.'

माझ्याच्याने पुढचे कागद बघवले नाहीत. आपलं लिहिलेलं कुणी वाचतं का, एवढंच त्या माणसाला हवं होतं. मला ते ठाऊक होतं, आणि मी त्यांना एकटं पाडलं.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि ती चूक वाचून दाखवली. कुणी हसलं नाही. अंक आता मी काढते. पंधरा दिवसांपूर्वी माझा पहिला अंक गेला. त्यात एक ढोबळ चूक राहिली आहे, मुद्दाम केलेली नाही, खरीच. मी रोज टपालाची वाट बघते. जवळजवळ सगळ्या सभासदांची पत्रं आली. अंक छान झालाय म्हणतात.