होस्ट्स फाईलमधली माझी ओळ

चूक माझी होती. हे एवढं सरळ वाक्य मी ऑफिसात बोललो, चाळीत मात्र नाही.

डिलाईल रोडवरच्या एका लहानशा लॅबचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. तिथले रिपोर्ट आमच्या दादरच्या सर्व्हरवर येतात आणि तिथून डॉक्टरांच्या मोबाईलवर जातात. लॅबच्या कॉम्प्युटरला सर्व्हरचं फक्त नाव माहीत असतं. नावावरून पत्ता शोधून देणारं एक फंक्शन असतं. ते आधी त्याच कॉम्प्युटरमधली होस्ट्स नावाची फाईल बघतं. तिथे पत्ता मिळाला की बाहेर कुणाला विचारायच्या भानगडीत पडत नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी बाहेरून पत्ते मिळेनासे झाले. संध्याकाळी परळहून माझी गावची एसटी होती. नीट दुरुस्ती करायला धीर कुणाला! मी सर्व्हरचा पत्ता त्या फाईलमध्ये हाताने लिहिला, पुढे 'तात्पुरतं' अशी टीप टाकली आणि बॅग उचलली. गावाहून आलो तो ते साफ विसरून.

दिवाळीनंतर आम्ही सर्व्हर बदलला; नाव तेच, पत्ता नवा. जुनाही काही दिवस चालू ठेवला, लागलाच तर असावा म्हणून. लॅबचे रिपोर्ट माझ्या ओळीप्रमाणे निमूट जुन्यावर जात राहिले. जुना ते घेत होता, पण पुढे कुणालाच पाठवत नव्हता. एरर आली असती तर बोंब तरी झाली असती.

त्याच आठवड्यात आमच्या चाळीतल्या शेजारच्या काकूंनी त्या लॅबमध्ये तपासायला रक्त दिलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गॅलरीत गाठलं.

"रिपोर्ट इलो नाय रे अजून. डॉक्टरांका पण नाय गावलो."

"काही गंभीर असतं तर लॅबवाल्यांनी फोन केला असता, काकू," मी म्हणालो. चहा घेत घेत म्हणालो. तो शहाणपणा आठवला की आजही स्वतःची चीड येते.

पाचव्या दिवशी त्या मोरीत कोसळल्या. हॉस्पिटलमधून त्यांच्या सुनेचा फोन आला, रिपोर्ट हवाय, आत्ता. मी शोधाशोध केली, फाईल उघडली आणि माझीच ओळ समोर आली. जुन्या सर्व्हरवर रिपोर्ट होता. पोटॅशियम भलतंच वाढलेलं, हृदय बंद पाडेल इतकं. डॉक्टर सुनेला म्हणाले, हे आधी कळतं तर ते वाढवणारी बीपीची गोळी तेव्हाच बंद केली असती.

काकू वाचल्या. पण हृदयाने मार खाल्लाय, आता तीन मजले उतरणं बंद. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "ह्येनाच माझो रिपोर्ट सोधून काढल्यान."

परवा सुनेच्या हातून घावणे पाठवले, खास माझ्यासाठी. मागोमाग शेजारच्या दारातून काकूंची हाक आली, "बरे झाले मा रे?"

"मस्त झालेत काकू," मी म्हणालो, आणि सगळे खाल्ले.