उद्घाटनाचं बटण

चहा आधी घेऊन टाका, कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला परत 'प्राध्यापक' म्हणणार नाही!

जळकोटजवळच्या आमच्या कॉलेजात मी वेब डिझाइन शिकवतो. कशावर? फळ्यावर! विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात विषय आहे, लॅबमध्ये तीस कॉम्प्युटर आहेत, पण वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअरच नाही. मग मी खडूनं चौकोन काढतो, त्याला 'स्क्रीन' म्हणतो, आणि पोरं वहीत समास आखून तो उतरवून घेतात. हसू नका. निकाल दरवर्षी झकास लागतो.

शेवटी पुण्याच्या एका कंपनीला मी इतके फोन केले, की बाजारात विकतात तेच सॉफ्टवेअर वर्गासाठी फुकट द्यायला ते कंटाळून तयार झाले. फक्त पत्रावर संस्थेच्या अध्यक्षांची सही हवी. ती नाही झाली, तर पोरांच्या नशिबी पुन्हा खडू.

अध्यक्ष म्हणजे आमचे अण्णा. म्हणाले, "सही करतो की! पण आधी उद्घाटन."

आता आमच्याकडचं उद्घाटन तुम्हाला माहीतच आहे. फीत कापतात, नारळ फुटतो, बटण दाबतात आणि काहीही सुरू होत नाही. जिमचं उद्घाटन झालं तेव्हा तिथं वीजसुद्धा आली नव्हती. मी स्वतः अण्णांच्या हाती टीव्हीचा रिमोट देऊन अंगणातले दिवे लावून घेतलेत. खरे लावले ते पडद्यामागच्या शिपायानं. त्यामुळे मी अगदी निर्धास्त!

आदल्या दिवशी कंपनीनं उद्घाटनापुरतं सॉफ्टवेअर दिलं. त्यांचा माणूस फोनवर सांगेल ते भरत गेलो, कॉलेजच्या वेबसाइटचा पासवर्डसुद्धा. मग नमुन्याचं पान केलं. वर लिहिलं, 'आपले अध्यक्ष'. फोटोची जागा रिकामी बरी दिसेना. मोबाइलमध्ये देवणीच्या मामांनी पाठवलेला विक्रीचा बैल होता, जाहिरातीसकट. तोच चिकटवला. सवडीनं बदलू म्हटलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी लॅब गच्च भरली. कॉम्प्युटरवरच्या 'पब्लिश' बटणाकडे बोट दाखवून अण्णांनी विचारलं, "सर, हे दाबल्यावर काय होतंय?"

"काहीच न्हाई अण्णा. फोटोपुरतं दाबा."

अण्णांनी दाबलं. टाळ्या! तेवढ्यात शेवटच्या वर्षाची रेणुका माझ्या कानाशी आली.

"सर, ते खरंच गेलं."

"कुठं गेलं?"

"जगात."

बाजारातलं खरं सॉफ्टवेअर ते! आमच्या उद्घाटनाची रीत त्याला काय ठाऊक? भिंतीवरच्या पडद्यावर कॉलेजची वेबसाइट उघडली. 'आपले अध्यक्ष', त्याखाली शिंगं, वशिंड, आणि अण्णा चष्मा चढवून मोठ्यानं वाचायला लागले, "सहा दाती. देखणा. मारका नाही. औताला दोन्ही खांद्यांनी चालतो…"

अहो, अण्णांनी दोन निवडणुका दोन पक्षांकडून लढवल्यात! पोरांनी वह्या तोंडावर धरल्या.

"काढा ते," अण्णा म्हणाले.

मी माउस धरला. हे झाकलं, ते उघडलं. बैल दुप्पट मोठा झाला! फळ्यावर असता तर डस्टर नसता का फिरवला? शेवटी रेणुकानं माउस माझ्या हातातून काढून घेतला, दोन टिचक्या मारल्या आणि बैल गेला.

"कुठं शिकलीस गं?" अण्णांनी विचारलं.

"हितंच की. काल सर घरी गेल्यावर."

अण्णांनी पेन काढलं. सही झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी खाली एक ओळही लिहिली: 'सॉफ्टवेअर ठेवावे. रेणुकाने शिकवावे. सरांनी पहिल्या बाकावर बसावे.'

दारातून वळून म्हणाले, "बैलवाल्याला सांगा, उद्या बैल बघायला येतो. लई आवडला."

तर हल्ली मी रोज पहिल्या बाकावर असतो. पोरं तासाभरात वेबसाइट उभी करतात, बघून खरंच ऊर भरून येतो. परवा रेणुका माझ्यापाशी येऊन थांबली. हळूच म्हणाली, "सर, समास कशाला आखायलाव? समोर कॉम्प्युटर हाय की!"

मी गुपचूप पट्टी दप्तरात ठेवली.