बांधावरचं टिपाड

परंडा तालुक्यात आमच्या अर्काइतकं घाण वासाचं दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. आणि माझ्या शपथेची किंमत गावात सगळ्यांना ठाऊक आहे. दहा झाडांचा पाला, शेण, गोमूत्र, वर लसूण-मिरचीचा ठेचा, हे सगळं पाण्याच्या टिपाडात महिनाभर सडवायचं, रोज ढवळायचं आणि गाळून पिकावर फवारायचं. अळी पळते, पानांवरची भुरी हटते, आणि पाव्हणे तर वेशीवरूनच परत जातात. माझी बायको म्हणाली, "हे घराजवळ ठेवलं तर मी माहेरी चालले." शेजारच्या शेतातल्या माझ्या दोस्ताला त्याच्या बायकोनं तेच त्यांच्या दखनी बोलीत सुनावलं. म्हणून टिपाड आमच्या दोघांच्या सामाईक बांधावर आलं.

पाल्याचीही तशीच वाटणी होती. कडुलिंब, करंज, सीताफळ, निरगुडी आणि लिंबावर चढलेला गुळवेल त्याच्या बाजूला. रुई, एरंड, घाणेरी, कण्हेर आणि एक वाकडी पपई माझ्या बाजूला.

"तुज्याकडं समदी उकिरड्यावरची भरती," तो म्हणायचा. "माजी झाडं बघ. खानदानी!"

"तुझ्या खानदान्यांना शेळ्या ओरबाडतात. माझ्या कण्हेरीला शेळी लांबूनच सलाम ठोकते."

एकट्याच्या पाच पाल्यांत अर्क पुरा व्हायचा नाही. त्यामुळं कितीही भांडलो तरी आमची सोडचिठ्ठी होणं शक्य नव्हतं.

ढवळायचं काम त्याचं, गोष्टी सांगायचं माझं. एकदा तुरीवरची अळी हटली तेव्हा मी सांगितलं, "फवारा बसला तशा सगळ्या अळ्या रांगेनं परंड्याच्या स्टँडवर गेल्या आणि कुर्डुवाडीची एसटी धरून पसार झाल्या. या डोळ्यांनी बघितलं."

काठी न थांबवता तो म्हणाला, "तिकीट कोन काढलं?"

"पुढारी अळीनं."

"सुट्टे व्हते का तिच्याकडं?"

असं तो विचारत राहायचा, मी हरेपर्यंत. मी फुगा फुगवायचा, त्यानं टाचणी लावायची. गावात बाकीचे लोक माझ्या गोष्टींवर नुसते हसायचे. नीट ऐकून घेणारा तो एकटाच.

मागच्या वर्षी त्यानं अंथरूण धरलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून, मान हलवून घरी पाठवलं. आणि त्याच दिवसांत आमचा पाणंद रस्ता मंजूर झाला. या रस्त्यासाठी त्यानंच तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. पावसाळ्यात बैलगाडी रुतायची, माल शेतात कुजायचा. रस्ता सगळ्यांनाच हवा होता. पण आखणी आली ती नेमकी त्याच्या बाजूनं. जेसीबीनं जेवणाच्या सुट्टीआधी चारही झाडं वेलासकट आडवी केली. लिंब त्यानं लग्नाच्या साली लावलेला होता.

संध्याकाळी त्याची दोन्ही मुलं माझ्या दारात आली. "काका, अब्बांना कळू देऊ नका. तुम्हीच काहीतरी सांगत ऱ्हावा. तुमाला जमतं."

आयुष्यभर लोक माझं खोटं हसण्यावारी नेत आले. मागायला कुणी आलं ते हे पहिलंच.

मग रोज त्याच्या खाटेशी बसून मी तो लिंब वाढवू लागलो. "लई माजलाय. गुळवेल शेंड्यापर्यंत गेला, आता आधाराला ढग शोधतोय. निरगुडीचा वास तर थेट बार्शीपर्यंत." तो डोळे मिटून ऐकायचा आणि "बरं, बरं" म्हणायचा. एकही उलटा प्रश्न विचारायचा नाही. तिथंच मला कळायला हवं होतं. मी समजलो, आजारानं थकलाय.

एके दिवशी म्हणाला, "अवंदाचं टिपाड लावायचं न्हाय का? माज्याकडचा पाला तोडून आन. हातात घिऊन बगतो."

मी मोटरसायकल काढली. करंज एका ओढ्याकाठी मिळाला, सीताफळ, निरगुडी माळावर, गुळवेल कुणाच्या तरी कुंपणावर. लिंबाची डहाळी तोडली बार्शी रोडवरच्या झाडाची. पाचही पाले त्याच्या चादरीवर मांडले. एकेक पान तो बोटानं चोळायचा, नाकाशी धरायचा, बाजूला ठेवायचा. लिंबाशी थांबला.

"ह्याला डिझेलचा वास येतोय गड्या."

"रस्ता झाला ना शेजारून," मी म्हणालो. "ट्रॅक्टर जातात. धूर बसतो."

"म्हंजी लिंब रस्त्याच्या कडंला ऱ्हायला?"

"कडंला. अगदी कडंला. आता वाटसरू सावलीला बसतात."

दारात भाभी उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं. त्यानं ते पान उलटंपालटं करून बघितलं. मग मला म्हणाला, "लिंब बी गेला व्हय रं कुर्डुवाडीला?"

मी चादरीवरचा बाकीचा पाला गोळा करायला लागलो.

"तिकीट कोन काढलं, इचार की."

मी गुळवेलानं पाल्याची जुडी बांधली.

"म्याच काढलं," तो म्हणाला. "रस्ता रस्ता करत कोन पळत व्हतं?" आणि हसला, खोकला येईपर्यंत. मी पाठीवर हात फिरवत राहिलो. मग म्हणाला, "तुजा लिंब बरा व्हता. रोज सावलीत पडून ऱ्हायलो." डिझेलच्या वासाची ती डहाळी त्यानं मला परत दिली नाही. उशाशी ठेवून घेतली.

बाकीचा पाला नेऊन मी त्याच दिवशी टिपाड लावलं. अर्क गाळायला येण्याआधी तो गेला.

मुलांना विचारून मी पहिला फवारा त्याच्या तुरीवर मारला, मग माझ्या. त्याच्या बाजूला आता मुरूम दाबलेला रस्ता आहे. वाहनं जातात, माल कुजत नाही. रस्ता चांगला झाला, खोटं कशाला सांगू.

यंदा पुन्हा टिपाड लावलंय. पाच पाले बांधावरचे, पाच मोटरसायकलवरून आणलेले. काल ढवळताना मी मोठ्यानं म्हणालो, "या वर्षी अळ्या विमानानं पळणार बघ, एसटीत मावायच्या नाहीत."

काठी थांबवली. जरा वाट पाहिली. मग पुन्हा ढवळायला लागलो.