विजयमालानं न जोडलेले हात

विजयमालाला माणसांचा राग फारसा यायचा नाही. तिला यायची ती किळस, आणि तीसुद्धा मूर्खपणाची. आता नागापूरच्या एमआयडीसीत, आप्पासाहेबांच्या वर्कशॉपात नोकरी करायची म्हटल्यावर तिनं सकाळ-संध्याकाळ नाकाला पदर लावूनच बसायला हवं होतं!

आप्पासाहेब म्हणजे मालक. चार लेथ मशिनं टाकून पंपाचे सुटे भाग बनवायचे. सत्त्याण्णव साली त्यांनी पुण्याहून एक जुना लॅपटॉप उचलून आणला. कशाला? तर पाहुणे आले की टेबलावर दिसावा म्हणून. स्वतःला तो कुठून उघडायचा तेही ठाऊक नव्हतं, पण ऐट अशी की जणू यांनीच तो घरी बनवलाय. त्यावर राबायची विजयमाला, भिंगारच्या साळव्यांची मुलगी. टायपिंग शिकली, मग पोटाला चिमटा काढून कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि इथं लागल्यावर लेथवर बनणाऱ्या एकेका भागाचं ड्रॉइंग त्या लॅपटॉपवर काढलं. कॉपी ठेवायला फ्लॉप्या मागितल्या तर आप्पासाहेब म्हणाले, "एकदा काढलंय ना? मग डबल कशाला?" असल्या माणसाला समजावण्यात शब्द घालवायचे नाहीत, हे तिनं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

खंडेनवमीला वर्कशॉपात मशिनींची पूजा असायची. लेथवरचा जुना कारागीर छगन आपलं मशिन आधी चकाचक पुसायचा, मग वरच्या बाजूला कुंकवाचं एक बोट, एक झेंडूचं फूल, संपलं. मशिनच्या पोटात कुंकवाचा कणसुद्धा जाऊ द्यायचा नाही. आणि मालक? त्या वर्षी मालकांनी लॅपटॉप सताड उघडा ठेवला, त्याला हार घातला, नारळाचं पाणी शिंपडलं आणि लग्नात उधळाव्यात तशा मुठीमुठीनं अक्षता टाकल्या.

"अहो साहेब, आत जातील!" विजयमाला ओरडली.

"जाऊ दे की. लक्ष्मी हाय ती," असं म्हणून त्यांनी आणखी एक मूठ उधळली.

मग सगळ्यांनी रांगेनं नमस्कार केला. विजयमालाच्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून तिच्या घरात असल्या पूजा नव्हत्या. तिनं बाजूला उभं राहून पेढा तेवढा खाल्ला. पेढ्याशी तिचं काही भांडण नव्हतं.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याच्या एका कंपनीचे साहेब ड्रॉइंगं बघायला येणार होते. सकाळी तिनं लॅपटॉपचं बटण दाबलं. टूं, टूं, टूं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली, कीबोर्डात बिघाड आहे म्हणून, आणि गाडी तिथंच अडली. बंद करून पुन्हा लावला, तरी तेच.

आप्पासाहेबांनी आवाज ऐकला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तू हात जोडले न्हाईस. म्हनून रुसलंय ते. तुमच्यात हे नसतंय, ठाऊक हाय मला. पर दुसऱ्याच्या लक्ष्मीला तरी मानावं की न्हाई मान्सानं?"

कारागिरांनी लेथ थांबवले. सगळे बघायला लागले. विजयमालानं छगनकडं पाहिलं. अक्षता उधळल्या तेव्हा हाच माणूस तिच्या शेजारी उभा होता. छगननं मान खाली घातली आणि आधीच पुसलेला पाना चिंधीनं पुन्हा पुसायला घेतला. थू तुझ्या जिंदगानीवर, ती मनात म्हणाली.

"पाव्हने यायच्या आत चालू झालं न्हाई तर घरी जायचं," आप्पासाहेब म्हणाले. "अपशकुनी मानूस नको मला हितं."

नोकरी जाणं तिनं एक वेळ सोसलं असतं. पण नागापुरात कुठल्याही शेडात झालेली गोष्ट चहाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या एमआयडीसीत होते. साळव्यांच्या पोरीनं हात लावला की मशिन बंद पडतं, एवढं एकदा पसरलं की तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

मालकांनी सावेडीहून कॉम्प्युटरवाला बोलावला. सुनील नाव, शर्टाला काळा गॉगल अडकवलेला. तो खाली वाकलासुद्धा नाही. "मदरबोर्ड गेला," म्हणाला. "नवीनच घ्या, माझ्याकडं आहे." चहा ढोसला आणि निघाला. पडद्यावर काय लिहिलंय तेसुद्धा वाचलं नाही त्या दीडशहाण्यानं! आणि आप्पासाहेब त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले.

विजयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं वायर उपसली, बॅटरी काढली, टेबलावर पेपर पसरला आणि लॅपटॉप त्यावर पालथा करून पाठीवर थापट्या मारल्या. झेंडूच्या पाकळ्या पडल्या, कुंकू पडलं, अक्षता पडल्या. पुन्हा लावून बघितला. टूं, टूं. मग पुन्हा बंद केला आणि एकेक कळ बोटानं दाबत गेली. प्रत्येक कळ टक् करून वर यायची. एन्टरची तेवढी खाली गेली ती वर येईना. तिनं केसातली पिन काढली, कळ अलगद उचकटली. खाली कोपऱ्यात नारळाच्या पाण्यानं फुगलेला एक पिवळा दाणा चिकटून बसला होता. तो पिनेच्या टोकानं काढला, कळ बसवली.

तेवढ्यात पुण्याचे साहेब आलेच. आप्पासाहेब त्यांना "या, या" करत आत आणत होते. विजयमालानं बटण दाबलं. एकदाच टूं झालं, आणि पडद्यावर रंग आले.

"बघा!" आप्पासाहेब टाळी वाजवून म्हणाले. "उशिरा का हुईना, देव पावला. आता तरी हात जोड, पोरी."

विजयमालानं तो दाणा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. "हा आत अडकला होता. मुठीनं कुणी उधळला ते साहेबांना सांगा."

आप्पासाहेबांनी तळहाताकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं. मग दाणा कपाळाला लावला आणि "परसाद हाय" म्हणत चक्क गिळून टाकला! दोन दिवस कीबोर्डाच्या धुळीत लोळलेला दाणा!

"काय होतं ते?" पुण्याच्या साहेबांनी विचारलं.

आप्पासाहेब लगबगीनं साहेबांसाठी खुर्ची पुसायला लागले. तेव्हा मागून छगनचा आवाज आला. "अक्षता हुती, साहेब. मालकाच्या हातची. ताईंचा काय बी दोष न्हाई."

सगळ्या वर्कशॉपनं ऐकलं. विजयमालानं वळून छगनकडं पाहिलं. त्याला वाटलं, आता ही आभार मानील, आणि तो थोडा हसलासुद्धा.

"सकाळी कुठं गेली होती ही जीभ, छगनभाऊ?" ती म्हणाली, आणि साहेबांसाठी पहिलं ड्रॉइंग उघडायला बसली.